एकच गठ्ठा

बसा, चहा होईपर्यंत एक गोष्ट सांगतो. आमच्या स्टुडिओत एका दुःखी रशियन लेखकावर पिक्चर चालू होता. शेवटी तो आपलंच पुस्तक शेगडीत घालतो.

सामान पुरवायचं काम माझं. जाळायच्या सीनला आम्ही कागदांचे सारखेच तीन गठ्ठे करतो, पहिल्या टेकला कधी जमतंय होय? पण पिक्चरचे लेखक इंगवले स्वतःच फडक्यात बांधलेला एक गठ्ठा घेऊन आले.

"मामा, हाच जाळा."

"आन् दुसऱ्या टेकला काय, माझं धोतर?"

"दुसरा नाही." गडी हसलासुद्धा नाही.

मला संशय आला. फडकं सोडलं, तर आत मराठी अक्षर, जागोजागी खोडलेलं. मी गुपचूप त्या फडक्यात रद्दी बांधली.

टेक झाला. इंगवल्यांनी राखेत काडी फिरवली.

"सगळं जळलं ना, मामा?"

"सगळं," म्हणलं मी. तर माणूस मटकन खाली बसून रडाय लागला.

तो गठ्ठा हा बघा. जाळण्यासारखाच असला, तर चूल पेटलेलीच हाय. नसला, तर आत्ता त्यांच्या दारात जाऊन शिव्या खातो. मला सहीपुरतंच येतं. तुम्ही शिकलेले, दोन पानं मोठ्यानं वाचा की.