बंद पेटी

कारगिलच्या लढाईतून आमच्या मुलाची, देवानंदची, शवपेटी आमच्या गावी, रिठदला आली. ती उघडू नका, असं सोबतच्या जवानांनी बजावलं.

तेव्हापासून माझी बायको गोजरा एकच बोलायची, "तोंड पाह्यलं का तुमी त्याचं? दुसऱ्याच्याच लेकराले अग्नी देऊन आले. माहा देवा येईन." त्याच्या फोटोला तिनं कधी हार घालू दिला नाही.

दुसरी एक गोष्टही तिला आयुष्यभर टोचत राहिली. लहानपणी देवाची पोटरी सुजली होती, म्हणून तिनं बिब्बा लावला. तो उतला, फोड आले आणि कायमचा काळा डाग पडला. "म्याच माह्या हातानं पोराचा पाय नासोला," असं म्हणून रडायची.

तिच्या मनाची खात्री व्हावी म्हणून मी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसकडे देवाचे कागद मागितले. ते आले, पण गोजराच्या तेरवीनंतर. इंग्रजीत होते. लेकीची पोर वैष्णवी वाचू लागली आणि मधेच थांबली.

"आबाजी, चेहरा राह्यलाच नोता. देवामामाले कशावरून वळखलं, ते लिवलं हाये."

"कशावरून?"



"डाव्या पोटरीवरच्या जुन्या काळ्या डागावरून."