चार किलो

महिपतनं चपला काढल्या, खिशातल्या किल्ल्या बाजूला ठेवल्या आणि पुन्हा काट्यावर चढला. दांडी स्थिरावली ती एकोणऐंशीवरच.

"चपलेनं काई फरक पडत नाई," सुधाकरराव गादीवरून म्हणाले. "माणूसच जड हाय."

आदिलाबादच्या मार्केटात सुधाकररावांची कापसाची अडत होती आणि महिपत त्यांचा मापारी. बारा वर्षं त्यानं लोकांची गाठोडी मोजली. स्वतःला मोजायची पाळी आली ती विमानामुळं.

थट्टा नाही, खरंच विमान. गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर महिपतनं लहानपणापासून म्हशीच चरताना पाहिल्या होत्या. तिथं आता, त्र्याण्णवच्या डिसेंबरात, हैदराबादचा एक क्लब दोन माणसांचं हलकं विमान आणून ते चालवायला शिकवण्याचं शिबिर घेणार होता. जिल्ह्यातून सहा जण घ्यायचे होते. महिपतनं लेखी परीक्षा दिली, डोळे तपासून घेतले, सगळे कागद पुरे केले. नियम तर त्याला तोंडपाठ होते. आधी पंधरा तास प्रशिक्षकासोबत, मगच एकट्यानं. आणि विमान हलकं, म्हणून वजनाला मर्यादा. प्रशिक्षक आणि पेट्रोल धरून शिकणाऱ्याच्या वाट्याला पंच्याहत्तर किलो उरत होते. एका किलोचीही सूट नाही.

महिपतनं भात सोडला. रात्रीचं जेवण सोडलं. मावल्याच्या घरून दुकानात सायकलीनं यायचा तो पायी येऊ लागला. दिवाळीत बायकोनं, बयनाबाईनं, केलेल्या करंज्यांकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. दुकानात पोटात कावळे ओरडायला लागले की मूठभर शेंगदाणे तेवढे तोंडात टाकायचा. शेंगदाणे तो खाण्यात धरत नव्हता.

त्यात दिवाळीला काटा दुरुस्तीला गेला आणि मार्केटही बंद. आठ दिवस महिपतला कळेना की आपण किती भरतो. जीव नुसता टांगणीला. बसला की उठायचा, उठला की पोट चाचपायचा. बयनाबाई वैतागली.

"काऊन असे घरात येरझारा घालून राह्यले? पट्टा त त्याच भोकावर हाय तुमचा."

"पट्ट्याले काय समजते वजनातलं?" महिपत म्हणाला.

काटा परत आला त्या सकाळी तो दुकान झाडायच्याही आधी त्यावर उभा राहिला. दांडी हलली, डुलली, थांबली. पंच्याहत्तर.

तो उतरून पुन्हा चढला. पंच्याहत्तरच. त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"वा रे पठ्ठ्या!" सुधाकररावांनी पाठ थोपटली. "उपास फळाले आला."

पण वजन अगदी काठावरचं, त्यामुळं चैन पडेना. आणखी एखादा किलो उतरावा म्हणून तो सकाळ-संध्याकाळ काट्यावर चढायचा. पंधरा दिवस झाले, तोळाभर फरक नाही. त्या तगमगीत तो येणाऱ्या-जाणाऱ्यावर उगाच डाफरू लागला. गुडीहत्नूरच्या रेणुकाबाई कापूस घेऊन आल्या, त्याही त्याच्या तावडीत सापडल्या. त्यांचं गाठोडं अडतीस किलो भरलं.

"गावात चाळीस मोजून आणलं मी, महिपतभाऊ."

"वाळला असन वाटेत."

"अर्ध्या दिवसात दोन किलो?"

"मावशी, ह्या काट्यावर मी सोता उभा राह्यतो रोज," महिपत भडकला. "ह्याच्या भरवशावर इमानात बसून राह्यलो मी! काटा खोटा असता त बसलो असतो काय?"

मागचे शेतकरी हसले. रेणुकाबाई चिठ्ठी घेऊन गेल्या. आपण जरा जास्तच बोललो असं महिपतला वाटलं, पण विमानाच्या नादात तो ते विसरून गेला.

शिबिराच्या दिवशी धावपट्टीवर जत्रा भरली. कापसाच्या गाड्या रस्त्यातच सोडून लोक विमान बघायला आले. आपला माणूस उडणार म्हणून सुधाकररावही खुर्ची घेऊन पुढं बसले. रेणुकाबाई मागं बायकांमध्ये बसल्या होत्या.

प्रशिक्षक नरसिंगराव हवाई दलातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी सोबत काटा आणला होता. पाच जण मोजून झाले. महिपतनं चपला काढल्या, पट्टा काढला, शर्टही काढला, आणि श्वास रोखून उभा राहिला.

"एकोणऐंशी," नरसिंगराव म्हणाले.

महिपतनं खाली उतरून काट्याकडं बोट दाखवलं.

"तुमचा काटा चुकला, साहेब. मी मापारी हाये, बारा वर्सं झाली."

नरसिंगराव रागावले नाहीत. त्यांनी पेटीतून वीस किलोचं शिक्क्याचं लोखंडी माप काढून काट्यावर ठेवलं. काट्यानं वीस दाखवले. दुसरं ठेवलं. चाळीस.

"पुढच्या साली पाहू, महिपत," सुधाकरराव घाईनं उठत म्हणाले. "चाल आता."

पण महिपत हटेना. इतक्या दिवसांची उपासमार त्याच्या डोळ्यांपुढं उभी होती.

"असं कसं, मालक? पंधरा दिवसांपासून पंच्याहत्तर भरून राह्यलो मी! ह्या साऱ्या लोकायनं पाह्यलं. इचारा, साहेब, कोणालेबी इचारा!"

"त्याच्या आधी किती होतात?" नरसिंगरावांनी विचारलं.

"एकोणऐंशी."

"मग मध्ये काय झालं?"

"चाल म्हणतो ना!" सुधाकररावांनी त्याचा दंड धरला.

महिपतनं हात सोडवून घेतला. आपली जागा वाचवायला काय काय केलं ते सगळं तो साहेबांना आठवून आठवून सांगू लागला, लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"भात सोडला, साहेब. रातचं जेवण सोडलं. सायकल सोडली. अन् दिवाळीत मालकानं काटा तेवढा दुरुस्त करून आणला," तो म्हणाला, आणि त्याच्या मागं रेणुकाबाई उठून उभ्या राहिल्या.