धुण्याचा दगड

मोजणीची माणसं बांधावर आली तेव्हा लिंबाजीच्या नखांत शेंदूर होता. त्याने हात धोतराच्या सोग्यात लपवले.

पालिकेने पुढल्या वीस वर्षांचा आराखडा केला होता. कचेरीच्या भिंतीवर नकाशा लागला होता. त्यात साठ फुटी रस्त्याची तांबडी रेघ पोखर्णीच्या बाजूने येऊन लिंबाजीच्या तीन एकरांत शिरत होती आणि नेमकी विहिरीवरून जात होती. विहीर गेली की उरलेलं रान असून नसल्यासारखं. शेजारच्या दिनकररावांच्या रानात हिरवा चौकोन होता. हिरवा म्हणजे पालिकेचं मैदान. त्यातलं गुंठाभरही मालकाकडे राहत नाही. दिनकरराव स्वतः नियोजन समितीचे अध्यक्ष, तरी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते.

"अध्यक्षाचंच रान गेलं," लोक लिंबाजीला म्हणत, "तू विहिरीचं काय घेऊन बसलास?"

युक्ती तानुबाईची होती. तिच्या माहेरी रस्ता मारुतीला वळसा घालून गेला होता. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, रानात कोणी नसताना नवराबायकोने विहिरीजवळचा धुण्याचा दगड पहारीने उचकटला आणि लोळवत नेऊन काठावरच्या बाभळीखाली उभा केला. पंधरा वर्षं धुणं आपटून तो गुळगुळीत झाला होता. तानुबाईने त्याला शेंदूर फासला; पुढे लिंबाजी अधूनमधून त्यावर नवा हात देई.

तेव्हापासून दोघांना घास गोड लागेना.

"खोट्या देवाचा कोप खरा आसतो का हो?" तानुबाई विचारी.

"गप बस. कुणी ऐकंल."

पलीकडच्या रानातल्या झुंबरबाईचा बैल दुखण्यातून उठला. तिने येऊन बाभळीखाली नारळ फोडला. लिंबाजीने प्रसादाचा तुकडा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

मोजणीदाराने दगडावरून हात फिरवला. "बराच जुना दिसतो. झिजलाय किती!"

"आज्याच्या वक्ताचा हाय, साहेब."

मोजणीच्या माणसांबरोबर दिनकररावही आले होते. ते दगडाकडे पाहत राहिले. मग विहिरीकडे वळले. तिथे चौकोनी खळगा होता आणि कडेने धुण्याच्या सोड्याचे पांढरे डाग.

"लिंबाजी, तानुबाई आजकाल धुणं कुठं धुवायलीय रं?"

"वढ्यावर, मालक."

"लांब पडत आसंल," दिनकरराव म्हणाले आणि छत्री उघडून चालू लागले.

लिंबाजीने रस्त्यावर हरकत घेतली होती; तिची सुनावणी विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे दोनदा पुढे गेली. दोन्ही वेळा लिंबाजी अर्ध्या वाटेवरून परत आला आणि दोन्ही वेळा त्याला ताप भरला. खोटा जबाब दिला तर खटला होतो, असं त्याला कोणी तरी सांगितलं होतं. तिसऱ्यांदा तो कचेरीत पोचला तेव्हा दारात पोलीस उभा होता. तो बंदोबस्ताचा होता, पण लिंबाजी त्याला हात जोडूनच आत गेला. तानुबाई दाराशीच बसली.

नगररचनेच्या साहेबांनी कागद चाळले. "जुन्या नकाशात इथे देऊळ नाही. निजामाच्या वेळच्याही नाही. कधीचा म्हणता हा देव?"

लिंबाजीने साहेबांच्या शेजारी बसलेल्या दिनकररावांकडे पाहिलं. दिनकरराव खुर्चीवरून सावकाश उठले. आता हे खळग्याचं सांगणार.

"साहेब," दिनकरराव म्हणाले, "नकाशा काढणाराला देव दिसलाच पाहिजे आसं न्हाई. माझ्या आज्यानं त्या दगडाला नवस फेडलाय."

साहेबांनी मान डोलावली. लिंबाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लोक येतात दर्शनाला?"

"येत्यात की, साहेब."

"किती?"

इतके दिवस दाबलेली भीती जिभेवाटे बाहेर पडली. "लय येत्यात! पुनवंला तर पाय ठेवाया जागा ऱ्हात न्हाई. पार पालमहून येत्यात."

कारकुनाने सगळं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. लिंबाजीने खाली अंगठा उठवला.

"रस्ता वळवा," साहेब म्हणाले.

लिंबाजी दिनकररावांच्या पायांवर वाकला. दिनकररावांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. "आरं, देवाचं काम हाय. मी कोण?"

दारात तानुबाईने पदर डोळ्यांना लावला.

"अध्यक्ष," साहेब नकाशाकडे बघत म्हणाले, "एवढी गर्दी होत असेल तर मैदान देवापाशीच हवं. तुमच्या रानात कशाला?"

"मी काय बोलू, साहेब? त्या रानाच्या मालकाचाच जबाब हाय तुमच्याम्होरं."

लिंबाजीने आपल्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याची शाई अजून ओली होती.

आरेखकाने दिनकररावांच्या रानातला हिरवा रंग ब्लेडने हलकेच खरवडून काढला. मग कुंचला बुडवून लिंबाजीचं रान या बांधापासून त्या बांधापर्यंत, विहिरीसकट, हिरवं केलं. बाभळीच्या जागी एक तांबडा ठिपका तेवढा सोडला.