चटईखाली कोण होतं
सामोआच्या वरच्या कोर्टात अपील चाललं होतं. जमिनीच्या भांडणात सिएनीच्या नवऱ्याला मारणारा थोरला दीर पिंजऱ्यात ताठ उभा होता. त्याचे वकील म्हणाले, "रिवाजानं माफी मागून झालीय. डोक्यावर चटई घेऊन घराणं हिच्या दारात बसलं, हिनं चटई उचलून माफ केलं. शिक्षा कमी व्हावी." मांडीवरची तीच तलम चटई घेऊन सिएनी उठली. "उचलली. खाली सासूबाई होत्या. म्हाताऱ्या बाईला भर उन्हात किती वेळ ठेवणार?" बाकांवर कुजबुज झाली. चटईखाली घराण्याच्या प्रमुखानंच बसायचं, आणि प्रमुख तर थोरला. सासू काठी टेकत उभी राहिली. "आई, बस खाली," थोरला गुरगुरला. "बसले होते ना, तुझ्याऐवजी. तू गाडीतून उतरला नाहीस." सिएनीनं चटई उलगडली आणि डोक्यावर नाही, शालीसारखी म्हातारीच्या खांद्यांवर घातली. "चला आई, आपल्या घरी."