शेरा : बरा

गावच्या पुलाला दरवर्षी ‘बरा’ असाच शेरा मिळायचा, कारण ‘धोकादायक’ लिहिलं की एसटी बंद, म्हणून गावच तपासणीला येणाऱ्या साहेबांपुढे हात जोडायचं. साहेबांनाही ते सोयीचं, बरा पूल दुरुस्तीच्या यादीत तळाशी ढकलला की झालं. यंदा तपासणीला रुखसार मॅडम आल्या. “बेटी, बरा लिख,” रोहिदासनाना म्हणाले, “नातनं कॉलेज बुडी जाई.” मॅडमनी त्यांना पुलाखाली नेऊन हातोडी त्यांच्याच हातात दिली. नानांनी एकदाच ठोकलं. वीतभर काँक्रीट पायाशी पडलं, आतली गंजलेली सळई दिसली. “लिख धोकादायक,” नाना म्हणाले, “पोरी पायी जातीन.” मॅडमनी तसं लिहिलं, पण कागद वर पोहोचेपर्यंत एसटी पुलावरूनच धावणार होती. नानांनी घरून खाट आणली, पुलाच्या तोंडाशी आडवी टाकली आणि तिच्यावर पडले. “नाना, मरायचंय का?” एसटीचा ड्रायव्हर ओरडला. “नही भो, म्हणीसन तर आडवा पडनू.”