निम्मा वेग

मुलगी वारली त्याला महिना झाला होता. धाकट्या नातवाला उपयोगी पडेल म्हणून म्हाताऱ्याने तिचा लॅपटॉप दुरुस्तीला आणला.

"वर्षभरापासून रडतखडत चालतो. तासाभराच्या कामाला तिला अख्खा दिवस लागायचा. आळशी म्हणून किती बोललो तिला!"

दुरुस्तीवाल्याने सेटिंग उघडलं. "बिघाड काहीच नाही, काका. प्रोसेसरचा वेग कुणीतरी मुद्दाम निम्म्यावर ठेवलाय. हा घ्या, पूर्ण सोडला."

लॅपटॉप सुसाट सुटला आणि आतला पंखा घरघरू लागला.

"केवढा आवाज करतोय हा!"

"वेग वाढला की तापतो, मग पंखा जोरात फिरतो. शेजारी कुणी झोपलेलं असलं की लोक वेग कमी करून ठेवतात."

म्हाताऱ्याने घरघरणाऱ्या लॅपटॉपवर हात ठेवला. स्वतःच्या ऑपरेशननंतर वर्षभर तो तिच्या टेबलाशेजारच्या कॉटवर गाढ झोपत होता.