ब्लाउजमधली माया

“जास्तीचं कापड कापून टाकू, की आत माया ठेवू?” ब्लाउज उलटा करून, कात्री उघडी धरत टेलरबाईंनी विचारलं.

“कापा,” वृंदा म्हणाली. वजन हवं तेवढं उतरलं होतं. उतरत होतं तोवर दर आठवड्याला बातमी असायची, सोसायटीतल्या बायका लिफ्ट अडवून कौतुक करायच्या. आता डाएटवाल्या मॅडम म्हणाल्या होत्या, “बस, असंच राहायचं.” कसं, ते सांगायच्या आत त्यांचा कोर्स संपला होता.

“राहू दे की थोडी माया,” दारात उभा असलेला नवरा म्हणाला.

“तुमचा माझ्यावर विश्वास नाही ना?”

“तुझ्यावर आहे. दिवाळीच्या फराळावर नाही.”

वृंदाने त्याच्याकडे पाठ केली. “बाई, खरं सांगा. बारीक झालेल्या बायका परत येतात?”

“येतात ना. कोणी उसवून घ्यायला, कोणी आणखी घट्ट करायला.”

“आणि तेवढ्याच राहिलेल्या?”

बाईंनी कात्री खाली घेतली. “त्या कशाला येतील? त्यांचं पुढे काय होतं, मला माहीतच नाही.”

वृंदालाही माहीत नव्हतं. तशी एकही बाई तिने पाहिली नव्हती. आता मात्र तिला ती बघायचीच होती.

“माया ठेवा,” ती म्हणाली. “फराळ संपला की मी येते. काही काम नसताना.”

“या,” बाईंनी कात्री मिटली. “पण हाच ब्लाउज घालून या.”